बर्फाने खरवडलेल्या काठावर

"तिकडे बघण्यासारखं आहे काय?" या प्रश्नाला "एक रोपटं" असं उत्तर दिलं की घरात जी शांतता पसरते, ती पसरली. तरी निघालो, अमेरिकेच्या मेन राज्यातलं 'फर्बिश लाउसवर्ट' बघायला. बॉस्टनहून उत्तरेला जाणारा आय-९५ हाउल्टनला, कॅनडाच्या हद्दीपाशी संपतो. पुढे मेनमधली अ‍ॅरूस्टुक काउंटी. जुलैअखेर, त्यामुळे रस्त्याच्या दुतर्फा बटाट्याची शेतं फुलावर आलेली. मुक्काम फोर्ट केंटला. इथे सेंट जॉन नदी हीच सरहद्द, पलीकडे न्यू ब्रन्सविक. गावात फ्रेंच सर्रास कानावर पडतं. नाश्त्याला 'प्लॉय' मिळतात: कुट्टूच्या पिठाचे, एकाच बाजूने भाजलेले, वर छान जाळी पडलेली. लोणी लावून हाणले.

मग १६१ नंबरच्या रस्त्याने नदीच्या वरच्या अंगाला, अ‍ॅलागॅशच्या दिशेने. काठावर उतरल्यावर पहिलं लक्ष गेलं ते झाडांकडे. पाण्यापासून चांगल्या उंचीवर असलेल्या खोडांची साल एकाच बाजूने सोललेली, नदी जिकडून येते त्या बाजूने. वसंतात बर्फ वितळून पाणी चढतं, नदीवरची गोठलेली लादी फुटते आणि तिचे तुकडे एकमेकांवर चढत, अडत, काठ घासत खाली जातात. सोललेल्या साली ही त्यांचीच करामत. कधी वळणावर बर्फ तुंबतो आणि मागे पूर येतो. तुंबला नाही तरी पूर येतोच: २००८ च्या वसंतात वितळत्या बर्फाला जोरदार पावसाची जोड मिळाली आणि फोर्ट केंटच्या सखल भागातल्या लोकांना घरं सोडावी लागली होती.

या रगड्यात काही टिकत असेल असं वाटत नाही. पण काठावर चक्क थर लागलेले दिसतात. पाण्यालगत नुसते गोटे. त्याच्या वर गवत आणि फुलझाडांचा अरुंद पट्टा: निळ्या घंटांची हेअरबेल, पिवळ्या बटणांसारखी टॅन्सी. त्याच्या मागे अल्डरची दाट झुडपं आणि सगळ्यात वर स्प्रूस, फर, सीडरचं जंगल. मधल्या पट्ट्यातली मंडळी सावलीत तग धरत नाहीत. बर्फ फिरकलाच नाही, तर अल्डर खाली सरकतो आणि पट्टा गिळून टाकतो. बर्फ दरवर्षीच आला, तर तिथे काही रुजतच नाही. कोकणातल्या नद्यांत खडकाला चिकटून पुराखाली वाकणारी शेरणी आठवली. पण ती पूर सोसते. इथल्यांना तो अधूनमधून लागतोच.

ज्याच्यासाठी आलो ते 'फर्बिश लाउसवर्ट' अल्डरच्या अगदी पायथ्याशी, ओलसर उतारावर होतं. जागा सांगणार नाही. जमिनीलगत नेच्यासारख्या कातरलेल्या पानांचा झुबका, त्यातून वर आलेला दांडा आणि टोकाला फिक्या पिवळ्या, टोपीसारख्या फुलांचा तुरा. एका वेळी दोनचारच उमललेली. एक भुंगा आला, फुलावर लोंबकळला, फूल जबरदस्तीने उघडून आत शिरला. हे रोप थोडं परोपजीवी आहे, शेजाऱ्यांच्या मुळांतून रस ओढतं. बी रुजल्यापासून फुलायला त्याला तीनेक वर्षं लागतात. म्हणजे बर्फाने तेवढी उसंत द्यायला हवी. ते जगात फक्त याच नदीच्या काठी सापडतं, तेही बहुतेक उत्तरेकडे तोंड असलेल्या, थंड उतारांवर.

केट फर्बिश या चित्रकार बाईंनी ते १८८० मध्ये व्हॅन ब्युरेनजवळ टिपलं. मेनची रानफुलं जलरंगात उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुढे ते नामशेष झालं असं धरून चालले होते. १९७६ मध्ये याच नदीवर विजेसाठी होऊ घातलेल्या डिकी-लिंकन धरणाच्या पाहणीत मेन विद्यापीठाच्या चार्ल्स रिचर्ड्‌स यांना ते पुन्हा सापडलं. धरणाखाली सुमारे ८८,००० एकर जमीन जाणार होती. एका तणासाठी वीज अडवणार का, म्हणून भरपूर टिंगल झाली. १९७८ मध्ये त्याला संरक्षण मिळालं आणि १९८६ मध्ये धरणाची मंजुरीच रद्द झाली. सगळं श्रेय फुलाला देणं मला पटत नाही. खर्च आणि जंगल बुडण्याला असलेला विरोधही तेवढाच भारी होता. पण एक गोष्ट टिंगल करणाऱ्यांच्या ध्यानातच आली नाही: भिंतीच्या वरची रोपं बुडाली असती हे उघड, पण पूर आणि बर्फ रोखले गेले असते तर भिंतीच्या खालची, कोरडी राहिलेली रोपंही अल्डरखाली संपली असती.

२०२३ मध्ये सरकारने त्याला 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गात आणलं. मात्र आता हिवाळ्यातच मध्येच ऊब पडते आणि बर्फ अवेळी फुटतो, ही नवी काळजी. काठावरची झाडं तोडली की उतार सुकतो, ती जुनी.

तुम्ही जाणार असाल तर जुलैअखेर ते ऑगस्ट हा फुलांचा काळ. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या, अ‍ॅलागॅशला निघण्याआधी फोर्ट केंटलाच पेट्रोल भरा, आणि मधल्या पट्ट्यात पाय टाकू नका. गोट्यांवरून चाला.