दगडी ब्लँकचं पेन : टवका कुठे उडतो?

दगडाची पूड आणि रेझिन दाबून केलेला ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन कातायचं तो ठोकळा, लेथवर (कातयंत्रावर) लाकडासारखा वागत नाही. लाकूड दबतं, हा थेट फुटतो. आणि बहुतेक वेळा फुटतो तो भोक पाडताना.

ब्लँक आत बसणाऱ्या पितळी नळीपेक्षा १०-१२ मिमी लांब कापा. ७ मिमीचं धारदार बिट, वेग ५०० आरपीएमच्या आत. दर ५-६ मिमीला बिट बाहेर काढून भुकटी झाडा. ती आत साचली की उष्णता वाढते आणि तडा जातो. भोक आरपार नेऊ नका. बिट दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना हमखास टवका उडतो, म्हणून शेवटचे काही मिमी तसेच ठेवून तो तुकडा करवतीने कापून टाका.

नळी आधी पॉलिश पेपरने खरवडा आणि इपॉक्सीने चिकटवा. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, इपॉक्सी भराभर घट्ट होतं. एका वेळी एकाच नळीपुरतं कालवा. टोकं ट्रिमरने (टोकं तासायच्या कटरने) नव्हे, सँडिंग डिस्कवर सपाट करा.

कातायला गोल कार्बाइड कटर, अगदी हलका हात. टोकांकडून मध्याकडे या. खरं तर आवाजच सांगतो: बारीक पांढरी भुकटी पडताना एकसारखी सरसर येते, टकटक सुरू झाली की लगेच थांबून कटर फिरवून नवी धार घ्या. ही भुकटी फुफ्फुसाला घातक, त्यामुळे साधा रुमाल नाही, एन-९५ मास्कच हवा.

शेवटी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून पाण्यात घासत बारीक पेपरकडे वर जा. वेगळ्या लेपाची गरज नाही.