गॅस गिझरची पिवळी ज्योत आणि ओटीपीचा आग्रह

गॅस गिझर पेटतच नसेल तर तक्रार नोंदवणे सोपे असते, पण तो पेटूनही नीट जळत नसेल तर त्या तक्रारीसाठी कंपनीच्या यादीत रकानाच नसतो, हे मला गेल्या हिवाळ्यात लातूरमध्ये समजले. बाल्कनीत बसवलेल्या आमच्या गिझरची ज्योत काचेतून निळी दिसण्याऐवजी लांब, पिवळी आणि डोलणारी दिसू लागली होती. नळ सोडल्यावर क्षणभर काहीच होत नसे आणि मग ‘भक्क’ असा आवाज येई. वरच्या पत्र्यावर काजळीही धरली होती. पिवळ्या ज्योतीचा अर्थ बहुधा हाच असतो की गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग असतो ना वास, आणि जो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणून गिझर त्याच दिवशी बंद केला.

फोनवर मला ‘पेटत नाही’, ‘पाणी तापत नाही’ आणि ‘गळती’ असे तीनच पर्याय मिळाले. मी ज्योतीच्या रंगाबद्दल सांगत राहिलो आणि पलीकडून “सर, सेल बदलून बघा” हेच उत्तर येत राहिले. १.५ व्होल्टचे दोन्ही नवे सेल घातल्यावर ठिणगी जोरकस पडू लागली, पण ज्योत पिवळीच राहिली, कारण सेलचा संबंध ठिणगीशी असतो, बर्नरला मिळणाऱ्या हवेशी नसतो. पुढे आलेल्या मेकॅनिकने काचेकडे पाहिलेसुद्धा नाही. “तुमचं बोअरचं पाणी जड आहे, कॉइल बदलावी लागेल,” असे सांगून त्याने हजारोंचा आकडा ऐकवला. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बोअरच्या पाण्याबद्दल कोणी वेगळे सांगायला नको. क्षार साचून कॉइलमधला प्रवाह मंदावतो आणि पाणी कमी तापते, हे खरेच आहे. मात्र नळीच्या आत साचलेल्या क्षारांमुळे नळीखालची ज्योत पिवळी कशी होते, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. त्याऐवजी त्याने ओटीपी मागितला. काम झालेले नसताना ओटीपी देण्यास मी नकार दिला, तर संध्याकाळी ‘ग्राहक घरी नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे’ असा संदेश आला. मी त्या मेकॅनिकला चहा पाजला होता, हे इथे नमूद करावेसे वाटते.

अखेर गिझर बंद करण्यापूर्वी मोबाइलवर टिपलेले ज्योतीचे चित्रीकरण वरिष्ठांना पाठवले, तेव्हा दुसरा, वयस्कर कारागीर आला. त्याने बर्नर उतरवला आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांत ब्रश फिरवला, तर धुळीने राखाडी झालेले कोळिष्टक बाहेर आले, त्यात एका किड्याचे वाळलेले पाय अडकलेले होते. मग त्याने वरच्या तांब्याच्या पात्यांमधली काजळी झाडली आणि ठिणगीची पिन सरळ केली. उशिरा पेटल्यामुळे साचलेला गॅस एकदम भडकतो, तोच तो ‘भक्क’ आवाज, असे त्याने समजावले. दहा मिनिटे निळी, स्थिर ज्योत पाहिल्यावरच मी ओटीपी दिला.

आधी सांगायला हवे होते ते असे की, स्वयंपाकघरातील शेगडीची ज्योतही पिवळी असेल तर गिझर उघडण्यापूर्वी रेग्युलेटर आणि सिलिंडर तपासून घ्यावेत. बर्नर मात्र घरी खोलू नये. गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता सिलिंडर बंद करून १९०६ वर फोन करावा. पुण्या-मुंबईहून वापरलेला गिझर आणला असेल तर त्यावरील पट्टीवर एलपीजी लिहिले आहे का, तेही पाहावे, कारण पाइप गॅसच्या नोझलचे छिद्र मोठे असते आणि त्यावर सिलिंडर जोडला तर बर्नर कितीही स्वच्छ असला तरी ज्योत पिवळीच येते.