भाज्यांबरोबर वाईन? हो, नक्की!

"वाईन मांसाहाराबरोबरच" हे इतक्यांदा ऐकलंय की आज तीन बाटल्या आणि चार भाज्या घेऊन बसलेच.

सुरुवात भाजलेली हिरवी ढोबळी मिरची आणि गार सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनने केली. दोन्हींचा वास असा एक झाला की कुठला कुणाचा कळेना! मिरचीला तो हिरवा वास देणारी पायराझिन्स नावाची संयुगं या वाईनच्या द्राक्षातही असतात, म्हणून हा मेळ. आर्टिचोकने, म्हणजे त्या काटेरी झाडाच्या खायच्या कळीने, मात्र परीक्षा घेतली. त्यातल्या सायनारिन या घटकामुळे पुढचा घोट विचित्र गोड लागला. लिंबू पिळून, मीठ भुरभुरून पाहिलं, तेव्हा बरंच सावरलं. कडू पालेभाजीबरोबर कॅबरने ही लाल वाईन नकोच; टॅनिनमुळे, म्हणजे तिच्यातल्या तुरट घटकामुळे, कडूपणा दुप्पट वाटला.

आणि मग मशरूम. लोण्यात, मोठ्या आचेवर, पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत परतलेली. सोबत पिनो न्वार ही लाल वाईन, जरा गारच. त्यात टॅनिन कमी, त्यामुळे मशरूमच्या खमंग चवीवर ती चढून बसत नाही. मातीचा, ओल्या पानांचा तो वास दोघांतही होता. मी डोळे मिटून बसले होते, खरंच.

पिनो थोडी उरली आहे. उद्या तिच्यासोबत वांगं भाजणार.