येतो म्हण

घरातून निघताना 'जातो' म्हणायची आमच्याकडे सोय नव्हती. एका पायात बूट, तोंडात पोळीचा शेवटचा घास अशा अवस्थेत मी "आई, जातो गं" म्हटलं की आतून हुकूम यायचा, "येतो म्हण!" नुसतं म्हणून भागायचं नाही. परत आत यायचं, बूट काढायचा, पाटावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. तोवर ८.१४ ची फास्ट ठाण्याला लागलेली असे. मग नौपाड्यातून गोखले रोडनं धावत सुटायचं, पुलाच्या पायऱ्या गाळत उतरायचं आणि सुटलेल्या गाडीचा दांडा पकडायचा. माझ्या जिवाला सगळ्यात मोठा धोका त्या घोटभर पाण्याचा होता, हे आईला कधी सांगितलं नाही.

मरणाचं नाव घ्यायचंच नाही, अशी आपली भाषा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं. विमा विकायला आलेला मुलगासुद्धा "साहेब, उद्या काही बरंवाईट झालं तर" म्हणतो. यातलं 'बरं' कुठलं, असं विचारल्यावर तो गोंधळला आणि हप्ता सांगू लागला.

भीती कामाची नाही असं नव्हे. २०१० च्या सुमारास वडाळ्याला रुळांलगत एक प्रयोग झाला. नुसत्या पाट्यांना कोण विचारतो! म्हणून तिथे फोटो लावले: गाडी अंगावर आलेल्या माणसाचा चेहरा, डोळे विस्फारलेले, तोंड वासलेलं. शिवाय रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. तिथले मृत्यू खरोखर घटले. गाडी पन्नास पावलांवर असेल तर भीतीसारखा गुरू नाही. पण तोच फोटो घरातल्या भिंतीवर लावा, आठवड्याभरात त्याच्यावर कॅलेंडर टांगलं जाईल.

गेल्या वर्षी शाळेतला एक मित्र गेला. (पाहा, 'गेला'च म्हटलं.) जवाहरबागेच्या स्मशानात बाकावर बसून आम्हा तिघांना रीतसर स्मशानवैराग्य आलं. एकानं तंबाखूची पुडी तिथेच फेकली. दुसरा धाकट्या भावावरचा जागेचा दावा मागे घेणार होता. मी उद्यापासून पहाटे तलावपाळीला तीन फेऱ्या. नऊ दिवस चाललो. भीतीचंही सुतकच असतं, दहाव्याला फिटलं. तंबाखूवाला तर घरी जाऊन आंघोळ होईपर्यंतच टिकला. दाव्याची पुढची तारीख पडली आहे.

एपिक्युरस नावाच्या ग्रीक विचारवंतानं सुमारे २३०० वर्षांपूर्वी हिशोब मांडला होता: आपण आहोत तोवर मरण नाही, ते आलं की आपण नाही, मग भ्यायचं कोणी? हिशोब चोख आहे. फक्त त्यात घरी कान लावून बसलेली बाई धरलेली नाही. आई स्वतःच्या मरणाला कधी भ्यायली नाही. ऐंशी उलटल्यावर "बोलावणं येईना हो" असं शेजारणींना खुशाल सांगायची, जणू गॅसचा सिलिंडर यायचा राहिलाय. भ्यायची ती माझ्या. त्या भीतीपोटी बावीस वर्षं डबा भरला आणि कितीही रात्र झाली तरी दारात किल्ली वाजेपर्यंत जागी राहिली. वैराग्य काही तिला कधी आलं नाही.

त्या दिवशी जवाहरबागेतून निघताना मित्राच्या थोरल्या भावापुढे हात जोडले. अशा ठिकाणी निरोप घ्यायचा नसतो, मुकाट पाठ फिरवायची असते. आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलंच, "येतो."

जीभ चावली. दादा सुजलेल्या डोळ्यांनी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"ये," म्हणाले, "पण सावकाश ये."