ऐंशी वर्षांची रेषा: इंग्लंडमधील फ्लॅटचे लीज वाढवताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट विकत घेतलेल्या आपल्या लोकांपैकी बहुतेकांकडे असते ते लीज, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता हक्क. इमारत आणि तिच्याखालची जमीन फ्रीहोल्डरची असते, आणि लीजची मुदत संपली की फ्लॅटची मालकीही त्याच्याकडे परत जाते. कर्जाचे हप्ते फेडण्याच्या धावपळीत ही गोष्ट मागे पडते, आणि विकायची वेळ आली की खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) किंवा बँक पहिला प्रश्न विचारते तो नेमका शिल्लक वर्षांचाच. त्या वेळी घाईने घेतलेले निर्णय महाग पडतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम मूळ लीजची प्रत काढून मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होते ते पाहावे. प्रत घरात नसेल तर एचएम लँड रजिस्ट्रीकडून, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, अल्प शुल्कात मिळते. दस्तावर सही झाल्याची तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात, आणि तिथेच हिशेब चुकण्याची शक्यता असते. समजा, सही नोव्हेंबर १९८३ मधली आहे, पण आत ‘२५ मार्च १९८२ पासून १२५ वर्षे’ असे लिहिले आहे. सहीपासून मोजणाऱ्याला वाटते की ८० वर्षे शिल्लक राहण्याची रेषा २०२८च्या अखेरीस येईल, प्रत्यक्षात ती मार्च २०२७ मध्येच येते. हा वीस महिन्यांचा फरक हजारो पाउंडांचा ठरू शकतो.

याचे कारण म्हणजे ‘मॅरेज व्हॅल्यू’. लीज वाढवल्यामुळे फ्लॅटच्या किमतीत जी भर पडते, तिचा निम्मा वाटा सध्याच्या कायद्यानुसार फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. मात्र लीज वाढवण्याची नोटीस देण्याच्या दिवशी ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत शिल्लक असेल तर हा वाटा शून्य धरला जातो. आकडे मांडून पाहिल्याशिवाय याचे वजन लक्षात येत नाही, म्हणून ग्राउंड रेंट (लीजपोटी फ्रीहोल्डरला द्यावे लागणारे भाडे) बाजूला ठेवून एक उदाहरण घेऊ. लांब लीजसह ४ लाख पाउंड किमतीचा फ्लॅट आहे आणि ७० वर्षे उरली आहेत. सत्तर वर्षांनी मिळणाऱ्या ४ लाखांची आजची किंमत ५ टक्के दराने सुमारे १३ हजार पाउंड होते, आणि तेवढी भरपाई फ्रीहोल्डरला द्यावीच लागते. हा ५ टक्क्यांचा दर २००६ मध्ये लँड्स ट्रायब्युनलने स्पोर्टेली प्रकरणात फ्लॅटसाठी ठरवला आणि आजही सर्वसाधारणपणे तोच वापरतात. आता कमी मुदतीमुळे या फ्लॅटची बाजारातली किंमत ३ लाख ६० हजारच आहे असे धरले, तर ४० हजारांच्या फरकातून ते १३ हजार वजा करून मॅरेज व्हॅल्यू सुमारे २७ हजार निघते आणि तिचा निम्मा वाटा साडेतेरा हजार. म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायची रक्कम जवळजवळ दुप्पट होऊन साडेसव्वीस हजारांच्या घरात जाते. प्रत्यक्षात यात ग्राउंड रेंटची भरपाई मिळवावी लागते, आणि रेंट ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाणारे असेल तर ती भरपाई चांगलीच जड होऊ शकते.

लीज वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला कायद्याचा: लीजहोल्ड सुधारणेविषयीच्या १९९३च्या कायद्याच्या कलम ४२ खाली नोटीस दिली की उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे मिळतात आणि ग्राउंड रेंट कायमचे संपते. पूर्वी त्यासाठी फ्लॅट दोन वर्षे नावावर असावा लागे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे. दुसरा मार्ग आपसातल्या बोलणीचा. आमच्या इमारतीतल्या घरांना फ्रीहोल्डरच्या वतीने असे एक पत्र आले होते, त्यात एक रक्कम आणि उत्तर देण्याची जवळची तारीख एवढेच ठळक होते. बाकीचा मजकूर बारकाईने वाचल्यावर कळले की मुदत ९० वर्षांनी वाढत नव्हती, ती फक्त १२५ वर्षांपर्यंत भरून मिळणार होती, आणि जुन्या लीजची जेवढी वर्षे शिल्लक होती तेवढी वर्षे ग्राउंड रेंट चालूच राहणार होते. २०२२च्या ग्राउंड रेंटविषयक कायद्यानंतरही आपसातल्या वाढीत एवढी मुभा फ्रीहोल्डरला आहे. मला त्या पत्राचा राग आला तो रकमेमुळे नव्हे. वाचणाऱ्याला कायद्याने आधीच दिलेल्या हक्काचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता, म्हणून. आपसातला करार कधी स्वस्त आणि लवकर होणारा असतो हे खरे, पण कायद्याने काय मिळाले असते ते शेजारी मांडल्याशिवाय त्यावर सही करू नये.

नोटिशीचे काम या विषयात मुरलेल्या सॉलिसिटरकडेच द्यावे, आणि त्याआधी व्हॅल्युअरकडून (मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाकडून) किंमत काढून घ्यावी. नोटिशीत आपण देऊ केलेली रक्कम लिहावी लागते आणि ती वास्तवाला धरून असावी लागते. नोटीस दिल्याचा दिवस हाच मूल्यांकनाचा दिवस ठरतो, त्यामुळे पुढची बोलणी वर्षभर रेंगाळली तरी घड्याळ तिथेच थांबलेले असते. फ्रीहोल्डरला काउंटर-नोटिशीसाठी, म्हणजे लेखी उत्तरासाठी, किमान दोन महिने द्यावे लागतात. तो नोटिशीत देऊ केलेल्या रकमेच्या दहा टक्के किंवा २५० पाउंड, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, अनामत मागू शकतो. त्याच्या सॉलिसिटरचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही सध्या आपल्यालाच द्यावा लागतो, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

सगळ्यात घातक तारीख यानंतर येते. काउंटर-नोटीस मिळाल्यावर अटी जुळल्या नाहीत तर दोन महिन्यांनंतर, पण सहा महिन्यांच्या आत, ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावाच लागतो. ती मुदत चुकली तर नोटीस मागे घेतली असे मानले जाते, पुढचे बारा महिने नवी नोटीस देता येत नाही, आणि तोवर लीज ८० वर्षांच्या खाली गेले तर सगळा हिशेबच बदलतो. सॉलिसिटर कितीही चांगला असो, ही तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी आणि महिनाभर आधी विचारणा करावी.

२४ मे २०२४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि ९९० वर्षांची वाढ देण्याची तरतूद केली आहे, म्हणून थांबावे का, असे बरेच जण विचारतात. हे लिहीत असेपर्यंत त्या तरतुदी लागू झालेल्या नाहीत. माझे मत असे की ज्यांची मुदत आधीच ८०च्या बरीच खाली आहे आणि ज्यांना विकायचे किंवा नवे कर्ज घ्यायचे नाही, त्यांना थांबण्यात अर्थ असू शकतो. ज्यांच्याकडे ८१-८२ वर्षे उरली आहेत त्यांनी मात्र कायद्याच्या भरवशावर ती रेषा ओलांडू देऊ नये. शंका असल्यास लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी निधीवर चालणारी संस्था मोफत प्राथमिक सल्ला देते.

फ्रीहोल्डमध्ये, म्हणजे इमारतीच्या मालकीत, स्वतःचा हिस्सा असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण त्यांच्या फ्लॅटचे लीजही वर्षागणिक कमी होतच असते. फरक एवढाच की शेजाऱ्यांची संमती असेल तर ते प्रिमियम (वाढीची रक्कम) न देता वाढवता येते. नवे लीज झाल्यावर त्याची नोंद लँड रजिस्ट्रीत झाली आहे आणि कर्ज देणाऱ्या बँकेला ते कळवले आहे, याची लेखी खातरी करून घेतल्यावरच सॉलिसिटरची फाइल बंद होऊ द्यावी.