हबीबुल्ला हॉलमधील साडी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मी 1986 च्या जुलैमध्ये दाखल झालो, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावाबाहेरचे जग मी जेमतेम दोनदा पाहिले होते. पहिल्या काही आठवड्यांत परेड, पीटी, पोहणे, वर्ग आणि या सर्वांच्या मध्ये रांगेने दामटायच्या सायकली एवढेच माझ्या वाट्याला आले. अशा एका दुपारी आम्हा नव्या कॅडेटांपुढे एक कागद आला आणि त्यावर आवडीच्या क्लबाचे नाव लिहावयास सांगितले गेले. आपल्याला काय आवडते, असे विचारणारा तो तिथला पहिलाच कागद होता, त्यामुळे त्यातही काही सापळा असावा अशी आमची खात्री होती.

मी एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवून उडवणे, लिहिले. छायाचित्रण, संगीत, गिर्यारोहण, शिडाच्या होड्या, जहाजांच्या प्रतिकृती असे बरेच काही त्या यादीत होते. या प्रबोधिनीत भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तीन वर्षे एकत्र राहतात आणि क्लबांमध्ये ही सरमिसळ फार गमतीने दिसत असे. पुढे पायदळात जाणारा मुलगा चिमट्याने युद्धनौकेचे कठडे चिकटवत बसलेला असायचा, आणि नौदलाचा कॅडेट सिंहगडाच्या कड्यावर दोराला लोंबकळत असायचा.

एरोमॉडेलिंगच्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. बाल्सा लाकडाचा भुसा, पंखांवरचा कागद ताणून घट्ट करणारे डोप आणि इंजिनाच्या इंधनातले एरंडेल यांचा तो वास होता. आमची विमाने दोन बारीक तारांच्या टोकाला बांधलेली असत. उडवणारा मधोमध उभा राहून हातातील मुठीने शेपटीची फळी वरखाली करी आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घाली, त्यामुळे विमानाआधी उडवणाऱ्यालाच भोवळ येई. मात्र मला त्या खोलीचे अप्रूप वेगळ्याच कारणासाठी होते. सकाळी कॉरिडॉरमध्ये ज्या सीनियरने मला शिक्षा म्हणून फ्रंटरोल, म्हणजे कोलांट्या, मारायला लावलेले असत, तोच संध्याकाळी पंखाची फासळी डोळ्यांसमोर धरून, "ही सरळ आहे का रे?" असे मनापासून विचारी. मी "नाही, सर" म्हटले तरी काही होत नसे. एरवी अख्ख्या टर्मभर सीनियरला "नाही" म्हणण्याची ती एकच जागा होती.

शिडाच्या होड्यांशी माझे फारसे जमले नाही. खडकवासला धरणाच्या काठावरील पीकॉक बेवर व्हेलर ही पाच वल्ह्यांची होडी वल्हवण्यात मी पाठ आणि तळहात सोलून घेतले. पावसाळ्यात धरण भरले की पश्चिमेचा वारा डोंगराआड गेल्यासारखा अचानक पडे आणि आमचे शीड ओल्या धोतरासारखे लोंबत राही. घोड्यांबद्दल मी न बोललेलेच बरे.

खरी गोष्ट नाटकाची आहे. दर वर्षी स्क्वाड्रनांच्या, म्हणजे कॅडेट ज्या तुकड्यांत विभागून राहत त्यांच्या, नाट्यस्पर्धा होत आणि त्यासाठी हबीबुल्ला हॉल खच्चून भरत असे. प्रबोधिनी डेहराडूनहून खडकवासल्याला आली, त्या वेळचे कमांडंट मेजर जनरल इनायत हबीबुल्ला यांचे नाव या सभागृहाला दिलेले आहे. गावच्या गणेशोत्सवात मी दोनदा काम केले होते, ही बातमी कशी कोण जाणे आमच्या स्क्वाड्रनमध्ये पोहोचली. त्यातून मी अंगाने किरकोळ, दाढी नावापुरतीच. हिंदी नाटकातील आईची भूमिका पाहता पाहता माझ्या गळ्यात पडली. बालगंधर्वांचा वारसा सांगणाऱ्या प्रांतातला तू, तुला लाज कसली, असे एका पुणेकर कोर्समेटने मला बजावले आणि स्वतः मात्र पडदा ओढण्याचे काम घेतले.

तालमी रात्रीच्या जेवणानंतर, दिवे मालवण्यापूर्वीच्या अर्ध्यापाऊण तासात चालत. मुलाचे काम करणारा केरळचा होता आणि त्याचे हिंदी पाठ असले तरी पचलेले नव्हते. जमीनदार झालेला पंजाबी सीनियर रागाच्या प्रसंगात हटकून परेडच्या आवाजात हुकूम सोडी, आणि आमच्यातले दोघे सवयीने सावधान उभे राहत. दिग्दर्शकाने पुढे तोही प्रसंग नाटकात ठेवून दिला.

प्रयोगाच्या दिवशी लक्षात आले की साडी मिळाली आहे, पण ती नेसवणार कोण? आईला रोज नेसताना पाहिलेले असूनही नऊवारीचा पहिला ओचा कुठे जातो हे मला आठवेना, आणि आमच्याजवळची साडी तर पाचवारी होती. अखेर एका अधिकाऱ्यांच्या पत्नी आमच्या मदतीला धावल्या. त्या बंगाली होत्या. त्यांनी अत्यंत प्रेमाने, स्वतःच्या माहेरच्या पद्धतीने मला साडी नेसवली, पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून तो खांद्यावरून मागे टाकला आणि कपाळावर मोठे कुंकू लावले. त्यामुळे अवधच्या खेड्यातील गरीब विधवा रंगमंचावर आली ती थेट दुर्गापूजेच्या मंडपातून आल्यासारखी. पहिल्याच रडण्याच्या प्रसंगात किल्ल्या खणखणल्या, मुलाने मला "मांजी, पल्लू संभालिए" असे संहितेत नसलेले वाक्य ऐकवले आणि पुढची दोन मिनिटे प्रेक्षागृहातील हशात आमचा एकही शब्द ऐकू गेला नाही. आमचा क्रमांक शेवटून दुसरा आला. परीक्षकांनी वेशभूषेचा उल्लेख केला, पण कोणत्या अर्थाने ते मी कधी विचारले नाही.

पुढची दोन वर्षे मी प्रकाशयोजनेकडे वळलो. तरीही माझ्यासाठी त्या टर्मचा शेवट म्हणजे दीक्षान्त संचलनाचा बँड नव्हे, तर तो हशा आहे. रोज प्रत्येक मिनिटाला क्रमांक लागणाऱ्या त्या जगात, चारचौघांसमोर एखादी गोष्ट साफ बिघडूनही रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, न मिळण्याची ती पहिली वेळ होती.

काही महिन्यांपूर्वी आमच्या कोर्सचे स्नेहसंमेलन प्रबोधिनीत झाले. 2022 मध्ये तिथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 2025 च्या मे महिन्यात तिचे दीक्षान्त संचलनही पार पडले, त्यामुळे आता आईच्या भूमिकेसाठी कोणा किरकोळ सोलापुरी पोराला पकडावे लागत नसावे. हबीबुल्ला हॉलमध्ये आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो, कोणी गुडघे चोळत, कोणी नातवंडांचे फोटो दाखवत. कार्यक्रम संपल्यावर पायऱ्या उतरताना माझी शाल खांद्यावरून घसरली. मागून केरळचा तो निवृत्त ब्रिगेडियर, अजूनही न पचलेल्या हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मांजी, पल्लू संभालिए."