नांगर धरला का?

सहा महिने आम्ही नकाशावर बोट ठेवून 'बेक्विया, बेक्विया' करत होतो. तिथे पोचल्यावर पहिल्याच माणसाने दुरुस्त केलं. बेक्वे म्हणायचं. बरं, बेक्वे.

कॅरिबियन समुद्रातलं, सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या देशातलं हे बेट. जेमतेम 18 चौरस किलोमीटर. 1992 साली विमानतळ झाला, तोवर इथे यायचं तर बोटीनेच. आम्हीही बोटीनेच गेलो, पण स्वतः चालवून. नवऱ्याने पन्नाशी उलटल्यावर शिडाची नौका चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवलं होतं, आणि ते भिंतीवर टांगून ठेवण्याइतका संयम त्याच्यात नाही. मी, तो, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा असे चौघं. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या ब्लू लगून बंदरातून 38 फुटी यॉट भाड्याने घेतली.

निघण्याआधीच मेहुण्यांची हाफ पँट जप्त होता होता राहिली. लष्करी छापाचे कपडे या देशात सामान्य माणसाने घालायचे नाहीत, तसा कायदाच आहे. नौका ताब्यात देणाऱ्या बाईंनी हसत सांगितलं, पण बदलायला लावलीच.

मधली खाडी नऊ-दहा सागरी मैलांची. फेब्रुवारीत पूर्वेचा वारा जोरात असतो आणि दोन बेटांमधून प्रवाह खेचतो, त्यामुळे मोठं शीड आखडूनही नौका चांगलीच कलली. बहीण पहिल्या अर्ध्या तासात गप्प, दुसऱ्यात हिरवी. "ताई, जिजूंना विचार ना, अजून किती?" जिजू त्या वेळी वेगळ्याच गोंधळात होते. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेच्या बाजूला उजव्या. हे त्यांना पाठ होतं. प्रत्यक्ष बोया दिसला की मात्र मान दोन्हीकडे फिरत होती.

ॲडमिरल्टी बे हा पोर्ट एलिझाबेथ गावापुढचा उपसागर. तोंड पश्चिमेला, वारा पूर्वेचा, म्हणजे डोंगराच्या आडोशाला आयतं बंदर. आत शिरलो आणि लाटा एकदम थांबल्या. मला वाटलं, झालं, पोचलो.

कसलं पोचलो! शिडाच्या नौकेवर खरी परीक्षा थांबताना असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रिन्सेस मार्गारेट बीचसमोर आम्ही नांगर टाकला. सोडला, साखळी धडधडत गेली, इंजिन मागे घेतलं, आणि समोरचा किनारा आरामात लांब जायला लागला. नांगर समुद्री गवतावरून घसरत होता. पाण्यात पांढुरका पट्टा दिसला तर वाळू, काळपट दिसला तर गवत, हे पुस्तकात वाचलेलं; पण उन्हं कलल्यावर पाण्यावरच्या चकाकीत सगळंच सारखं दिसतं. दुपारीच पोचा असं अनुभवी लोक का सांगतात, ते तेव्हा कळलं.

दुसरा प्रयत्न. मी नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, नवरा सुकाणूवर, मधे इंजिनाची घरघर. मी ओरडते "थांब", त्याला ऐकू येतं "सोड". शेजारच्या नौकेवरचे पांढऱ्या केसांचे आजोबा पेला ठेवून उठले, त्यांच्या नौकेच्या टोकाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एक शब्द नाही. त्या उभं राहण्यातच सगळं होतं.

तिसऱ्यांदा आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या आणि हिशोबही केला. पाणी सहा मीटर, त्यावर नाळेची उंची मिळवली की सातेक, त्याच्या पाचपट म्हणजे 35 मीटर साखळी. आधी आम्ही वीसच सोडली होती. नांगराला वजनाने धरता येत नाही, साखळी तळाशी आडवी पडून त्याला आडवं ओढते तेव्हा तो रुततो. मी पोहण्याचा चष्मा लावून उडी मारली आणि साखळीच्या कडेने पोहत गेले. पाणी इतकं नितळ की नांगराचं टोक वाळूत पूर्ण गाडलेलं दिसलं. वर येऊन अंगठा दाखवला. आजोबा आत गेले.

बीचबद्दल लिहायला हवं, नाहीतर बहीण रागावेल. सोनेरी वाळू, मागे हिरवी टेकडी, शांत पाणी. ब्रिटनची राजकन्या मार्गारेट इथे येऊन गेली, म्हणून तिचं नाव. पलीकडे लोअर बे, तोही तितकाच देखणा. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. फळ खायचं नाहीच, पण पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. चीक मिसळलेलं पाणी अंगावर पडलं तर फोड येतात. बर्फवाला होडीतून येऊन भाव सांगतो तेव्हा 'कुठला डॉलर?' हे आधी विचारावं. 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला इथले 2.70 ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, फरक लहान नाही. गावात लाकडी नौकांच्या लहान प्रतिकृती करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे मी दोन तास बसले आणि कोणीही मला काही घ्या म्हटलं नाही.

पहिल्या रात्री मी फार झोपले नाही. डोंगरावरून वाऱ्याचे झोत खाली येत, साखळी कुरकुरे, मी वर जाऊन बघे. टेकडीवरचा एक दिवा आणि त्याच्या मागचा दुसरा एका रेषेत धरून ठेवले होते. रेषा मोडली की नौका सरकली समजायचं. दोन वाजता वर गेले तर नवरा आधीच तिथे बसलेला.

"आहेत का एका रेषेत?"

"आहेत. तू झोप."

दोघंही झोपलो नाही. सगळ्या नौकांची तोंडं पूर्वेला, प्रत्येक डोलकाठीच्या टोकाला एक पांढरा दिवा, आणि वाऱ्याबरोबर सगळे मिळून जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

चौथ्या संध्याकाळी आमच्या पुढ्यात एक भाड्याची नौका शिरली. नाळेवरचा मुलगा ओरडत होता, सुकाणूवरच्या मुलीला ऐकू येत नव्हतं. साखळी धडधडली आणि फारच लवकर थांबली. वीस मीटर, फार तर.

मी चहा खाली ठेवला, पुढे गेले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.